कामांची यादी कोणाच्या हाती?

या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, इतिहास, शेती, पाणी असे भारदस्त विषय झाले. त्या पंक्तीत 'कामांची यादी ठेवण्यासाठी मोबाईलमध्ये कोणते ॲप घ्यावे' असा विषय घेऊन उभे राहताना आम्हांस संकोच वाटतो, हे प्रथमच सांगून टाकतो. चालक मंडळी विषय विचारण्यास आली तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलण्याची तयारी दाखविली होती. त्यावर त्यांच्यापैकी एकजण म्हणाले, "कायद्यावर तुम्ही बारा महिने बोलताच. त्या दिवशी युनियनच्या कार्यालयात आमच्या मुलाला वही आणि मोबाईल यांवरून जे सुनावलेत, तेच इथे सांगा." तेव्हा आजचे बोलणे म्हणजे त्या सुनावण्याचेच थोडे लांबलेले रूप समजावे.

विषय किरकोळ दिसतो. पण या सभेत शिक्षक आहेत, वकील आहेत, मोंढ्यातील अडते आहेत, घर सांभाळून नोकरी करणाऱ्या भगिनी आहेत, आणि प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: "अहो, ते राहूनच गेले!" विम्याचा हप्ता राहून गेला, मुलीच्या परीक्षेचा फॉर्म राहून गेला, पीककर्जाच्या नूतनीकरणाची तारीख राहून गेली. राहून गेलेल्या कामाची किंमत मोजावी लागते, आणि ज्याच्यापाशी मोजण्यास थोडे असते त्यास ती अधिक मोजावी लागते. श्रीमंतास दंड पडतो. गरिबाचे वर्ष जाते. हे विधान आम्ही पुढे एका उदाहरणाने सिद्ध करणार आहोत, आणि त्या उदाहरणात दोष आमचाच आहे.

प्रथम यादी म्हणजे काय ते पाहू. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीस बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घ्यायची आणि पट्टा पडेपर्यंत अंगमेहनतीने ती फेडायची. या साऱ्या व्यवहारात एक वही असते, ती मुकादमाच्या हाती. उचल किती दिली, मध्ये किराण्याला किती, दवाखान्याला किती, ऊस किती टन तुटला, खाडे किती झाले, हे सर्व त्या वहीत. मजुराच्या हाती काय असते? त्याची आठवण. हंगामाच्या शेवटी हिशेबास बसले की एका बाजूस आठवण आणि दुसऱ्या बाजूस वही. या लढतीत आठवण जिंकल्याचे आम्ही इतक्या वर्षांत पाहिले नाही. सारेच मुकादम लबाड असतात असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळजण स्वतः कोयता चालवूनच वर आलेले असतात. परंतु प्रामाणिक माणसाच्या वहीतही त्याला जे लिहावेसे वाटले तेच उतरते. म्हणून प्रत्येक टोळीत दुसरी एक वही असावी, असा आमचा आग्रह असे. शाळेत जाणाऱ्या पोराची दोनशे पानी वही, तिच्यात वजनाच्या पावतीचे आकडे आणि उचलीच्या तारखा. त्या वहीने क्रांती केली नाही. पण हिशेबाच्या वेळचा बोलण्याचा सूर मात्र बदलला.

तेव्हा आमचा पहिला धडा असा की, यादी ही नुसती विसराळूपणावरची मात्रा नव्हे. जो लिहितो त्याच्या हाती व्यवहाराची दोरी राहते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेस दिला आहे, आणि त्यात अक्षर कसे असावे येथपासून बोरू, शाई, कागद यांची निगा कशी राखावी येथपर्यंतचा तपशील आहे. एवढा मोठा माणूस शाई-कागदाच्या तपशिलात शिरतो, याचे आम्हांस पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. साधन नीट नसेल तर विचारही वाहून जातो, हे त्यांस ठाऊक होते.

साधनाची गोष्ट निघाली म्हणून आपल्या अंबाजोगाईचे उदाहरण देतो. तेथील दासोपंतांनी, सोळाव्या आणि सतराव्या शतकांच्या संधिकाळात, कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशी ती पासोडी चारशे वर्षांनंतर आजही आहे. कापड जुने झाले तरी जे लिहिले ते वाचण्यास कोणाची परवानगी लागत नाही, की कोणता परवलीचा शब्द लागत नाही. हे ध्यानात ठेवा. याकडे आपणांस पुन्हा यायचे आहे.

आता आमची कबुली. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये एका कामगाराच्या उजव्या हाताची तीन बोटे यंत्रात गेली. सुरुवातीस मालकाने औषधपाणी केले आणि पुढचेही आपण पाहू म्हणाला, म्हणून कामगाराने अर्ज करण्याची घाई केली नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे अपघातापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागे. आम्ही त्यास म्हणालो, "थोडे दिवस वाट पाहू. मुदतीच्या आधी दोन महिने अर्ज टाकू. तारीख आमच्याकडे राहील." त्याच सुमारास एका तरुण कार्यकर्त्याने आमच्या मोबाईलमध्ये कामांच्या यादीचे एक ॲप घालून दिले होते. तो म्हणाला, "भाऊ, आता वही फेकून द्या. हा तुम्हांला स्वतःहून हाक मारील." आम्ही वही फेकली नाही, परंतु कपाटावर टाकली. ती तारीख ॲपमध्ये घातली, आणि निर्धास्त झालो.

पुढे एका पावसाळ्यात आमचा मोबाईल एस.टी.त राहिला तो राहिलाच. नवा घेतला. तेच ॲप पुन्हा घेतले, तर ते नाव आणि परवलीचा शब्द मागू लागले. ते खाते त्या तरुणाने स्वतःच्या कॉलेजच्या ई-मेलवर काढलेले. तो नोकरीस पुण्याला गेलेला. आणि कॉलेजचा तो पत्ता केव्हाच बंद झालेला. यादी कोठेतरी होती, पण आमची राहिली नव्हती. आम्ही म्हटले, काय मोठे होते तीत? आठवेल तसे नवे लिहू. आठवले तेवढे लिहिले. ती तारीख आठवली नाही.

मुदत संपून तेवीस दिवस झाल्यावर तो कामगार कार्यालयात आला. बरोबर त्याची मुलगी. तिने शाळेच्या वहीचे शेवटचे पान उघडून आमच्यापुढे धरले. त्यावर अपघाताची तारीख होती, आणि खाली लिहिले होते, 'दोन वर्षांच्या आत भाऊंना आठवण करणे'. आम्ही विचारले, "अरे, मग आधी का नाही आलास?" तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही मोबाईलात घातलं होतं ना! म्हणलं मशीन कशाला इसरतंय?"

बंधुभगिनींनो, या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. उशीर माफ व्हावा म्हणून कारणासह अर्ज केला. पुरेसे कारण असल्यास तशी सवलत देण्याचा अधिकार कायद्यात होता, आणि ती मिळालीही. परंतु उशिराच्या एका प्रश्नावरच अकरा महिने गेले. त्या पैशांवर मुलीचा नर्सिंगचा प्रवेश अवलंबून होता. तो त्या वर्षी झाला नाही. पुढील वर्षी झाला. ती आज नोकरीस आहे आणि आम्हांस भेटली की हसून बोलते. पण तिचे एक वर्ष आमच्या यादीत हरवले, हे आम्ही विसरलेलो नाही. त्यानंतर आम्ही या विषयाचा अभ्यास केला. इंग्रजी लोकांकडून समजावून घेतले, चार-पाच ॲप्स स्वतः वापरून पाहिली. त्यातून जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवतो.

यादीने माणसाच्या मनाचे काय होते, यावर शास्त्रज्ञांनी विचार केला आहे. ब्लूमा झायगार्निक या विदुषीने १९२७ साली बर्लिन येथे केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पुरी झालेली कामे मनातून निघून जातात आणि अर्धवट राहिलेली मनात घोळत राहतात, असे तिला दिसून आले. पुढील संशोधकांना सर्वत्र तसेच फळ आले नाही. तरी रात्री दोन वाजता न भरलेले वीजबिल का आठवते, हे ज्याने अनुभवले आहे त्यास यात तथ्य वाटेल. याहून उपयोगाची गोष्ट २०११ साली मसिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखविली. अपुरे काम मनात लुडबूड करीत असते. परंतु ते केव्हा आणि कसे करायचे याचा नेमका बेत केला, की काम झालेले नसतानाही ती लुडबूड ओसरते. म्हणजे 'बँकेचे काम' एवढेच लिहून मन शांत होत नाही. 'मंगळवारी अकरा वाजता पासबुक घेऊन बँकेत जाणे' असे लिहिले तर होते. हा नियम वहीस लागू आहे, ॲपलाही लागू आहे. वाईट लिहिलेली नोंद कितीही महागड्या ॲपमध्ये वाईटच राहते.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. नावे शेकड्यांनी आहेत, पण जाती तीनच.

पहिली जात साध्या यादीची. एकाखाली एक कामे लिहायची, तारीख घालायची, झाले की खूण करायची. गूगल टास्क्स, मायक्रोसॉफ्ट टू डू ही या जातीची. ही वापरण्यास पैसे पडत नाहीत आणि शिकण्यास एक संध्याकाळ पुरते. टुडुइस्ट हेही मुळात याच कुळातले, पण अधिक शिकलेले. अमीर सालिहेफेंदिच या बोस्नियातून निर्वासित म्हणून डेन्मार्कला आलेल्या तरुणाने विद्यार्थी असताना, २००७ साली, स्वतःच्या कामांचा पसारा आवरण्यासाठी ते तयार केले. त्याचा काही भाग मोफत आहे, बाकीच्यास वर्गणी पडते.

दुसरी जात फळ्याची. फळ्यावर तीन रकाने: करायचे, चालू, झाले. एकेक काम म्हणजे एकेक चिठ्ठी; ती या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायची. ही कल्पना जपानातील टोयोटा कारखान्यातून आली. ताइइची ओनो या तेथील अभियंत्याने सुट्या भागांबरोबर चिठ्ठ्या फिरविण्याची जी पद्धत बसविली, तिला कानबान म्हणतात. २०११ साली निघालेले ट्रेलो हे ॲप या फळ्याचेच रूप होय. चार माणसे मिळून काम करीत असतील, लग्न असेल, गणेशोत्सव असेल, घरबांधणी असेल, तर फळा उत्तम. एकट्या माणसास किराण्याची यादी करण्यासाठी फळा म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी रहाट.

तिसरी जात अशी की, ज्यात आपणच आपले कपाट बांधावयाचे. नोशन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यात कोष्टके, टिपणे, याद्या, काय हवे ते करता येते. हुशार तरुणांना याचा फार मोह. आमच्या कार्यालयातील एका विद्यार्थ्याने अभ्यासाचे नियोजन करण्यासाठी असे कपाट बांधण्यास घेतले. रंग झाले, चित्रे झाली, प्रत्येक विषयास खण झाला. तीन आठवडे गेले, आणि ज्या परीक्षेसाठी हे चालले होते ती चार दिवसांवर आली. त्यालाच आम्ही सुनावले होते, आणि चालकांना ते ऐकू गेले.

मग निवड कशी करावी? दुकानदार ज्या गोष्टी सांगतो त्यांवरून नव्हे. आम्ही सहा प्रश्न ठरविले आहेत. बैल घेताना दात पाहतात तसे हे पाहावेत.

पहिला प्रश्न: काम सुचल्यापासून ते लिहून होईपर्यंत किती वेळ लागतो? एस.टी.च्या दारात उभे असताना, एका हातात पिशवी असताना, लिहिता येते का? न आल्यास ते ॲप घरी शोभेल, खिशात नाही.

दुसरा: ते आपल्या भाषेत चालते का? पटले अडीच हजार काय, उत्तरायण काय, माणूस आपल्या भाषेत काम आठवतो. मराठीत बोलले की मोबाईलने अक्षरे उमटवावीत, ही सोय गूगलने २०१७ साली आणली. ज्यांचे हात कीबोर्डास सरावलेले नाहीत अशा आमच्या कामगारांना ती फार उपयोगी पडते. ज्या ॲपमध्ये मराठी नोंद नीट दिसत नाही किंवा शोधून सापडत नाही, ते दुसऱ्यासाठी ठेवून द्यावे.

तिसरा: रेंज नसताना ते उघडते का? बालाघाटाच्या डोंगरात ज्यांची गावे आहेत त्यांस हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. मोबाईल विमानाच्या खुणेवर ठेवून, म्हणजे सर्व संपर्क बंद करून, यादी उघडते का आणि नवी नोंद होते का, हे पहिल्याच दिवशी पाहावे.

चौथा: यादी बाहेर काढता येते का? आता दासोपंतांची पासोडी आठवा. वुंडरलिस्ट नावाचे एक फार लोकप्रिय ॲप बर्लिन येथील तरुणांनी काढले होते. एक कोटीहून अधिक लोक ते वापरीत. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. २०१९ साली मूळ संस्थापकाने, आपले ॲप बंद करण्याऐवजी आपणांस परत विका, अशी जाहीर विनंती केली. तिचा उपयोग झाला नाही, आणि ६ मे २०२० रोजी ते बंद झाले. यादी कंपनीच्या नव्या ॲपमध्ये नेण्याची सोय दिली होती, हे खरे. पण घर सोडण्याची तारीख घरमालकाने ठरविली. अॅस्ट्रिड नावाच्या दुसऱ्या ॲपची गत याहून वाईट. २०१३ च्या मे महिन्यात ते याहूने घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात मिटविले. चारशे वर्षांची पासोडी टिकते आणि दहा वर्षांची यादी टिकत नाही, याचे कारण कापड मजबूत आणि यंत्र कमकुवत हे नव्हे. पासोडीची मालकी कोणाची ते स्पष्ट होते. म्हणून ॲपमधून फाईल काढता येते का, ते आधी पाहावे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ती काढून ठेवावी. खाते स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-मेलवर असावे, आणि परवलीचा शब्द घरातील एका विश्वासू माणसास ठाऊक असावा. आमच्याकडे एवढे असते तर त्या मुलीचे वर्ष गेले नसते.

पाचवा: आपली यादी आणखी कोण वाचतो? यादीत माणसाचे सारे आयुष्य असते. कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, कोणाचे पैसे द्यायचे, कोणत्या वकिलास भेटायचे. यादीचे ॲप संपर्कांची वही, छायाचित्रे, आपण कोठे आहोत याची माहिती मागू लागले, तर विचारावे, 'बाबा रे, तुला ती कशाला हवी?' २०२३ साली आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, हे चांगले झाले. परंतु कायदा दाराशी पहारा देतो. दार आपणच उघडून ठेवले तर त्याचा इलाज नाही. आमची सभासदांची नावे आणि संपाच्या बैठका आम्ही कोणत्याही ॲपमध्ये लिहीत नाही.

सहावा: ते दिवसातून किती वेळा हाक मारते? योग्य वेळी आलेली एक आठवण मोलाची. दिवसाकाठी चाळीस आल्या की मन त्यांस मंदिरातील घंटेप्रमाणे ऐकू लागते, म्हणजे ऐकेनासे होते. ज्या कामास मुदत आहे त्यासच घंटा लावावी, बाकीच्या बंद कराव्यात.

हे सहा प्रश्न स्वतः निवड करणाऱ्या माणसासाठी झाले. परंतु ज्यांना निवडच नसते त्यांचे काय? आमच्यासारख्याने याविषयी न बोलून कसे चालेल! आपल्या अंगणवाडी ताई पाहा. २०२१ साली पोषण ट्रॅकर हे ॲप त्यांच्या हाती आले. बालकाचे वजन, उंची, आहार, सर्व नोंदी त्यात करावयाच्या. सुरुवातीस ते इंग्रजीत होते, आणि सरकारने दिलेले मोबाईल त्या भाराने गरम होत, अडकत. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर हजारो ताईंनी ते मोबाईल शासनास परत केले. काम नको असे त्या म्हणत नव्हत्या. आमच्या भाषेत आणि चालेल अशा यंत्रावर द्या, एवढेच म्हणत होत्या. पुढे ते ॲप भारतीय भाषांत आले. रोजगार हमीच्या कामांवर जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाईलवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून, घेणे सक्तीचे झाले. डोंगरात रेंज नसली, छायाचित्र गेले नाही, की दिवसभर खोदलेली माती हिशेबात येण्याची पंचाईत.

म्हणजे आमच्या सहा प्रश्नांपैकी भाषेचा आणि रेंजचा हे दोन प्रश्न या भगिनींनी आणि मजुरांनी आमच्या कितीतरी आधी, आणि कितीतरी अधिक सोसून, विचारले होते. मुकादमाची वही आणि ही ॲप्स यांत आम्हांस एक साम्य दिसते: काम एकाचे आणि नोंद दुसऱ्याच्या हाती. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या अभियंत्याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावर ग्रंथ लिहिला. कामगाराच्या प्रत्येक हालचालीस घड्याळ लावण्याची पद्धत त्याने रूढ केली. त्या काळी घड्याळ देखरेख करणाऱ्याच्या हाती असे, म्हणून कामगारास निदान कळे की आपणांस कोण मोजतो आहे. हल्ली सुशिक्षित माणूस तेच घड्याळ खिशात बाळगून स्वतःवरच लावतो. सायंकाळी ॲप सांगते, 'आज तुमची सतरा कामे झाली.' त्यास वाटते, उद्या वीस व्हावीत. ती वीस कशासाठी, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आम्ही या बाबतीत नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण करतो. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून त्यांनी सभा भरविल्या, सह्या गोळा केल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली. पोटासाठी राबणाऱ्या माणसांनी झगडून मिळविलेली ती सुटी आपण मोबाईलच्या एका घंटेस देऊन टाकावी, हे बरे नव्हे. यादी वेळ वाचविते हे खरे; परंतु वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो ते पाहिले पाहिजे. तो मुलांच्या, आईबापांच्या, वाचनाच्या, झोपेच्या पदरात पडत असेल तर ॲप फायद्याचे. तो आणखी कामाच्याच पदरात पडत असेल तर आपण स्वतःचेच मुकादम झालो.

आता शेवटी, "तुम्ही काय वापरता?" हे आपण विचारणारच. आमची सध्याची व्यवस्था सांगतो; ती सर्वांस लागू पडेल असा आग्रह नाही. मुदतीच्या तारखा मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये आहेत, प्रत्येकीस दोन घंटा, एक महिना आधी आणि एक आठवडा आधी. रोजची किरकोळ कामे एका साध्या, बिनपैशाच्या ॲपमध्ये आहेत. वाटेत काही सुचले तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवितो. २०२२ च्या अखेरीपासून ती सोय आहे. संध्याकाळी तेवढे निरोप यादीत उतरवितो. आणि कामगारांच्या दाव्यांच्या तारखा याशिवाय एका कापडी बांधणीच्या वहीत लिहिलेल्या आहेत. ती वही कार्यालयाच्या टेबलावर उघडी असते. कोणीही कामगार यावा, आपले नाव काढावे आणि आपली तारीख पाहावी. एकाची आठवण चुकली, तर दुसऱ्याची चालावी. दर शनिवारी वही आणि मोबाईल समोरासमोर ठेवून आम्ही ताळा घेतो. अर्धा तास जातो. तो अर्धा तास त्या मुलीच्या वर्षाचे व्याज समजून आम्ही भरतो.

ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांना एवढेच सांगणे: एकच साधन घ्या, साधे घ्या, आणि तीन आठवडे बदलू नका. सकाळी यादीतील तीन कामे निवडा; ती झाली तर दिवस सार्थकी लागला असे समजा. जे काम महिनाभर एका दिवसावरून दुसऱ्या दिवसावर ढकलले जात आहे, त्यास विचारा, 'तू खरेच करायचे आहेस का?' नसेल तर सरळ खोडून टाका. आणि दुसऱ्या कोणाची तारीख आपल्या यादीत घेतली असेल, तर ती त्या माणसाच्या हातीही लिहून द्या. मशीन विसरत नसेल, पण ते हरवते, बंद पडते, विकले जाते. त्या कामगाराने आमच्यावर विश्वास टाकला होता, मशीनवर नव्हे. तो विश्वास आम्ही मशीनच्या हवाली केला, ही आमची चूक होती. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून एवढा वेळ घेतला.